पऱ्हाटीपासून प्रोपेनपर्यंत

वऱ्हाडाला बार्बेक्यू नवा नाही बरं का मंडळी! अमरावती-अकोल्याकडचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजतात. रोजच्या चुलीत मात्र पऱ्हाटी नि तुराटी, म्हणजे कापसाची नि तुरीची वाळकी झाडं. कुठल्या कामाला कुठलं जळण, हे बायकांना पाठ असायचं.

मग रॉकेलचा स्टोव्ह आला. 1950च्या दशकात बर्मा-शेलने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने सिलिंडरचा गॅस आणला, 1965 साली ‘इंडेन’ आला, आणि हळूहळू चूल मागे पडली.

आता गच्चीवर गॅसची बार्बेक्यू शेगडी आलीय. घोळ इथेच होतो. सगळे गॅस सारखे नसतात! तेवढ्याच घनफळाच्या नैसर्गिक वायूपेक्षा एलपीजीत सुमारे अडीच पट उष्णता असते. म्हणून पाइपच्या गॅसवरच्या शेगडीच्या नोझलचं भोक मोठं असतं. तिला सिलिंडर जोडलात तर ज्वाला भडकते, काजळी धरते, विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तेव्हा शेगडीवरची पाटी वाचा. गॅस, दाब, रेग्युलेटर तिथे लिहिलाय तोच हवा. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. म्हणून शेगडी उघड्यावरच पेटवायची, बंद बाल्कनीत नाही.

बाकी रोडग्यांना अजूनही गोवऱ्याच लागतात!