बायबॅक रद्द झाला की शेअर का पडतो? गुंतवणूकदार नेमके काय पाहतात

एखादी कंपनी स्वतःचेच शेअर्स भागधारकांकडून परत विकत घेते, त्याला बायबॅक म्हणतात. बायबॅक जाहीर झाला की शेअरचा भाव सहसा वाढतो. पण कंपनीने तो मध्येच रद्द केला तर? अशा वेळी भाव बहुतेकदा पडतो. किती पडतो, हे मात्र रद्द करण्यामागच्या कारणावर ठरते.

आधी भाव का वाढलेला असतो?

समजा, शेअरचा भाव १०० रुपये आहे आणि कंपनीने १३० रुपयांनी बायबॅक जाहीर केला. कंपनी सगळ्यांचे सगळे शेअर्स घेत नाही, म्हणून बाजारभाव थेट १३० वर जात नाही. तरी तो ११०-११५ पर्यंत चढू शकतो. काही जण फक्त हा फरक कमावण्यासाठीच शेअर घेतात. भारतात टेंडर पद्धतीच्या बायबॅकमध्ये १५ टक्के हिस्सा छोट्या भागधारकांसाठी, म्हणजे रेकॉर्ड डेटला २ लाख रुपयांपर्यंतचे शेअर्स असणाऱ्यांसाठी राखीव असतो. त्यामुळे त्यांनाही ही संधी आकर्षक वाटते.

शिवाय शेअर्सची संख्या कमी झाली की तोच नफा कमी शेअर्समध्ये वाटला जातो आणि प्रति शेअर कमाई वाढते. बायबॅक म्हणजे कंपनीकडे पैसा आहे आणि व्यवस्थापनाला शेअर स्वस्त वाटतो, असाही अर्थ बाजार काढतो.

रद्द झाल्यावर काय होते?

फरकासाठी आलेले लोक सर्वांत आधी विकून बाहेर पडतात. हा धक्का साधारणपणे मर्यादित असतो. खरी घसरण होते ती शंकेमुळे: कंपनीकडे पैसा आहे ना? आणि नसेल, तर बायबॅक जाहीर का केला होता?

पीसी ज्वेलरचे उदाहरण

मे २०१८ मध्ये पीसी ज्वेलर या दागिन्यांच्या कंपनीने ३५० रुपये दराने सुमारे ४२४ कोटी रुपयांचा बायबॅक जाहीर केला. हा दर तेव्हाच्या बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त होता. पण कर्ज देणाऱ्या बँकांकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळाले नाही आणि १३ जुलै २०१८ रोजी कंपनीने प्रस्ताव मागे घेतला. त्यानंतर बाजार उघडला तेव्हा शेअर एकाच दिवसात २० टक्क्यांहून अधिक कोसळला. २०१८ च्या सुरुवातीपासून हा शेअर आधीच घसरत होता. त्यात बँकांनीच नकार दिल्याने कंपनीच्या आर्थिक स्थितीबद्दलची शंका वाढली.

स्टारबक्सला कमी फटका का बसला?

४ एप्रिल २०२२ रोजी हॉवर्ड शुल्ट्झ पुन्हा स्टारबक्सच्या प्रमुखपदी आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी बायबॅक थांबवला. तो पैसा दुकाने आणि कर्मचाऱ्यांवर खर्च करायचा, असे कारण दिले. शेअर सुमारे ४ टक्क्यांनी उतरला. काही गुंतवणूकदार नाराज झाले, पण कंपनी अडचणीत आहे असा अर्थ कुणी काढला नाही.

सगळेच एकदम थांबले तर?

१५ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या आठ बड्या बँकांनी एकत्रितपणे बायबॅक स्थगित केला. दुसऱ्या दिवशी बँकांचे शेअर्स कोसळले, पण त्या दिवशी अख्खा बाजारच सुमारे १२ टक्के पडला होता. अशा वेळी घसरणीचे खापर बायबॅकवर फोडता येत नाही.

भारतात कंपनी कधीही माघार घेऊ शकते का?

नाही. सेबीच्या नियमांनुसार बायबॅकची जाहीर घोषणा प्रसिद्ध झाल्यावर कंपनीला तो मागे घेता येत नाही. मात्र संचालक मंडळाचा निर्णय आणि ही औपचारिक घोषणा यांच्यामध्ये काही काळ जातो. त्या काळात केवळ बातमीवर शेअर घेणाऱ्याचा धोका सर्वांत जास्त असतो. अमेरिकेत कंपनी आपला मंजूर झालेला बायबॅक कार्यक्रम सहसा केव्हाही थांबवू शकते.

रद्द झाल्याची बातमी आली तर काय तपासावे?

- शेअर बाजाराला दिलेल्या पत्रात कंपनीने कोणते कारण दिले आहे? कारणच दिले नसेल तर सावध राहावे.
- नकार बाहेरून आला आहे, की कंपनीने स्वतः निर्णय घेतला?
- लाभांश चालू आहे का? बायबॅकसोबत तोही बंद झाला असेल तर रोख पैशाची चणचण असू शकते.
- कर्ज वाढते आहे का? प्रवर्तकांनी शेअर्स गहाण ठेवले आहेत का?
- वाचलेला पैसा कुठे जाणार आहे?

ज्यांनी केवळ बायबॅकसाठी शेअर घेतला होता, त्यांचे तो ठेवण्याचे कारण संपलेले असते. ज्यांनी व्यवसाय पाहून घेतला होता, त्यांनी एका दिवसाच्या घसरणीपेक्षा वरच्या प्रश्नांची उत्तरे पाहून निर्णय घ्यावा.