घर आणि स्टेशन

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये घरांची फार टंचाई होती. १९२६ साली कामगार संघटनांच्या ‘गेहाग’ संस्थेने शहराच्या कडेला, त्सेलेनडॉर्फच्या रानात वसाहत बांधायला घेतली. मुख्य वास्तुकार होते ब्रुनो टाउट. पण तिथून कामावर जायचे कसे? तेथील जमिनीचे मालक, यहुदी बांधकाम व्यावसायिक आडोल्फ झोमरफेल्ड यांनी रेल्वे वाढवण्याच्या खर्चाचा भार उचलला. २२ डिसेंबर १९२९ रोजी ‘ओन्केल टॉम्स ह्युटे’ स्टेशन उघडले. १९३३ मध्ये नाझींमुळे झोमरफेल्ड यांना देश सोडावा लागला. गाडी मात्र तिथे आजही थांबते.

दिमोन्यात घर मिळूनही बसची वाट पाहत ताटकळलेल्यांना हे सांगायला नको: भाडे परवडले, पण कामावर पोहोचता आले नाही, तर ते घर स्वस्त कसले?