मेकी मेकी
मेकी मेकी : दैनंदिन वापरातील वस्तूंना संगणकाच्या कळा बनवणारा इलेक्ट्रॉनिक फलक. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन केलेले जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम हे त्याचे निर्माते. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकनिधी उभारणीच्या संकेतस्थळावर त्यांनी २५,००० डॉलरच्या निधीचे आवाहन केले. प्रत्यक्षात ५ लाख डॉलरहून अधिक निधी जमला.

रचना व कार्य : फलक यूएसबी तारेने जोडल्यावर संगणक त्याला कळफलक व माउस समजतो. प्रत्येक कळजोडणीला सुमारे २२ मेगाओहम रोधक असतो. त्यामुळे केळे, ओली माती, पाण्याचा पेला किंवा पेन्सिलीची गडद रेघ यांसारखे क्षीण संवाहकही चालतात. एका हातात फलकाच्या ‘अर्थ’ (भूसंपर्क) जोडणीची तार धरून दुसऱ्या हाताने वस्तूला स्पर्श केला की शरीरातून मंडल पूर्ण होते, संगणक कळ दाबली गेली असे समजतो आणि त्या कळीला नेमलेला स्वर वाजतो. प्रवाह एका मायक्रोअँपिअरहून कमी असल्याने तो जाणवत नाही. कोरडे लाकूड व प्लॅस्टिक मात्र निरुपयोगी ठरतात.

ध्वनिकलेतील उपयोग : केळ्यांचा पियानो हा सर्वपरिचित प्रयोग. अनेकांनी हात धरून साखळी केल्यास माणसांचेच वाद्य होते. दोघांनी टाळी दिली की स्वर उमटतो. स्क्रॅच या प्रोग्रॅमिंग भाषेत मुले स्वतः ध्वनी नेमू शकतात. वादनाचे पूर्वशिक्षण नसलेल्यालाही ध्वनिनिर्मितीचा आनंद मिळवून देणे, हे या साधनाचे मोठे योगदान होय.