दक्षिणा, रोजमुरा आणि पगार : झाशीच्या संदर्भात चाकरीच्या समाधानाचा विचार

श्रमाच्या मोबदल्यासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांची कुळे भिन्न आहेत. ‘दक्षिणा’ संस्कृत परंपरेतील. ‘चाकरी’ आणि ‘रोजमुरा’ फारसीच्या वाटेने आलेले. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून मिळालेला. ‘पेन्शन’ इंग्रजी अमलाबरोबर आलेली. प्रत्येक शब्दामागे देणारा आणि घेणारा यांच्या नात्याची एक वेगळी कल्पना उभी आहे. १८५४ ते १८५८ या काळात झाशीत या कल्पना एकमेकींवर आदळल्या.

गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. पुढच्या वर्षी डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले आणि राणी लक्ष्मीबाईंना दरमहा ५,००० रुपयांची पेन्शन ठरवली. संस्थानचे कर्ज त्यातूनच फेडावे, असा आग्रह पुढे धरला गेला. कंपनीच्या लेखी हा हिशेबाचा प्रश्न होता. झाशीच्या बाजूने पाहता तो निव्वळ रकमेचा नव्हता. दरबार म्हणजे कारकून, शिबंदी, पुजारी, वैद्य, गवई, मानकरी यांच्या उपजीविकेची आणि प्रतिष्ठेची संस्था. शिबंदी मोडल्यावर शिपायाचा रोजमुरा गेला. त्याचबरोबर सणाचा पोशाख, पराक्रमाचे बक्षीस आणि दरबारातली उभे राहण्याची जागाही गेली. या वस्तूंची किंमत कोणत्याही पेन्शनीच्या तक्त्यात मांडलेली नव्हती.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९८२ साली श्रमकराराला अंशतः ‘देणगीची देवघेव’ मानण्याचा सिद्धान्त मांडला : धनी नियमापेक्षा अधिक देतो, सेवक नियमापेक्षा अधिक राबतो. आधुनिक कारखान्याच्या संदर्भात ही कल्पना नवी वाटली. मराठी दरबारांच्या कागदपत्रांशी परिचय असणाऱ्याला ती नवी वाटण्याचे कारण नाही. मात्र दरबारी देणगीत देणाऱ्याची मर्जी हाच नियम असतो, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाणे अनैतिहासिक ठरेल.

झाशीच्या छावणीत दुसरीच व्यवस्था होती. तेथे बंगाल लष्कराच्या बाराव्या पायदळ पलटणीची एक तुकडी होती. बंगाल लष्करातील पायदळ शिपायाचे मूळ वेतन दरमहा ७ रुपये. परमुलखात गेल्यास त्यावर भत्ता मिळे. परंतु सिंध आणि पंजाब खालसा झाल्यावर ते ‘परमुलूख’ उरले नाहीत आणि भत्त्याचा हक्क संपला. ज्या विजयासाठी शिपाई लढला, त्या विजयानेच त्याची मिळकत घटवली! १८४४ मध्ये आणि पुन्हा १८४९-५० मध्ये पलटणींत जो असंतोष उसळला, त्याचे मूळ येथे आहे. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑसवाल्ड यांनी १९९६ साली सुमारे ५,००० ब्रिटिश कामगारांच्या माहितीवरून दाखवले, की कामाचे समाधान केवळ वेतनाच्या आकड्यावर नव्हे, तर आपल्यासारख्यांना काय मिळते यावरही अवलंबून असते. शिपायाने तुलना केली ती स्वतःच्याच कालच्या मिळकतीशी. जून १८५७ मध्ये झाशीची तुकडी उठली. तिने दिल्लीकडे निघताना आपल्याकडून पैसा उकळला, असे राणींनी सागरचे कमिशनर अर्स्किन यांना लिहिले आहे. या पत्रांच्या हेतूविषयी इतिहासकारांत वाद आहे. पैशाची मागणी मात्र परिस्थितीशी सुसंगत दिसते.

याच धामधुमीत विष्णुभट गोडसे उत्तरेत आले. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जामुळे बाहेर पडले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व दक्षिणा उदंड मिळणार, ही वार्ता त्यांच्या प्रवासाचे निमित्त ठरली. पेशवाईनंतर पुण्यातील दक्षिणेचा ओघ आटला होता आणि तिच्या निधीचा काही भाग १८२१ पासून पाठशाळेकडे वळला होता. कोकणातील विद्वान भटजीला शिंदे-होळकरांच्या मुलखाकडे पाहावे लागावे, यात नवल नव्हते. थोडक्यात, ‘माझा प्रवास’ हे मुळात उपजीविकेच्या शोधाचे पुस्तक आहे.

आर्थिक दृष्ट्या हा शोध फसला. झाशीच्या वेढ्यात गोडसे शहरातच होते. एप्रिल १८५८ मधील कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, सोसली. मिळवलेले बहुतेक गेले. घरी पोहोचली ती प्रामुख्याने गंगेची कावड. असे असूनही राणींच्या दानधर्माविषयी, त्यांच्या दिनक्रमाविषयी त्यांनी लिहिलेल्या मजकुरात कृतार्थता ओसंडते. मिळकत आणि समाधान यांची येथे सरळ फारकत झाली आहे. तीर्थयात्रा घडली, मातापित्यांसाठी गंगोदक आणले, दरबारात विद्येला मान मिळाला. त्यांच्या जमाखर्चात या बाबी जमेच्या होत्या.

तरीही हा पुरावा जपून वापरावा लागतो. हे लेखन घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून झाले. तुलनेसाठी सीताराम पांडे या शिपायाचे म्हणून १८७३ मध्ये नॉर्गेट या लष्करी अधिकाऱ्याने इंग्रजीत आणलेले आत्मकथन घ्यावे. त्याची मूळ संहिता उपलब्ध नाही आणि अस्सलपणाही वादग्रस्त आहे. दोन्ही ग्रंथांत सेवकाची वाणी वरिष्ठाच्या इच्छेने कागदावर उतरली आहे. झाशीच्या मोडलेल्या शिबंदीतील शिपायाला तर असा नॉर्गेटही भेटला नाही, वैद्यही नाहीत. त्याचे असमाधान आपण केवळ त्याच्या पुन्हा शस्त्र उचलण्यावरून ताडतो.

१९०७ मध्ये वैद्यांनी ग्रंथ प्रसिद्ध करताना भाषेवर संस्कार केले. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ची. अमृतलाल नागरांनी हिंदी अनुवादाला ‘आँखों देखा गदर’ असे नाव दिले, तर मृणाल पांडे यांच्या २०११च्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात १८५७ हाच शब्द पुढे आला. या वाटचालीत प्रवास मागे पडून बंड पुढे आले आणि कर्ज फेडायला निघालेला भिक्षुक बंडाचा साक्षीदार म्हणूनच वाचकांपुढे उभा राहिला.