वेताळाचा एक महिना

आम्ही राहतो त्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना 'रीडिंग' आणि म्हणताना 'रेडिंग'. आमची दहा वर्षांची लेक मात्र लिहिलेल्या नावाला जागते. नार्निया झालं, हॉबिट झालं, हॅरी पॉटर तर दोनदा झालं. सगळं अर्थात इंग्रजीत. मराठी तिला समजतं, पण मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच येतं. रविवारी आजीचा फोन आला की 'हो आजी' आणि 'बरी आहे आजी' एवढ्यावर संभाषण आटोपतं. फोन ठेवताना आईचा आवाज जरा पडलेला असतो, ती काही बोलत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुट्टीत लेकीने जाहीर केलं की एक अख्खा महिना फक्त जादूची पुस्तकं वाचायची. यादी फ्रिजवर चिकटवली. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, यादी दिसली की लगेच एक्सेल उघडणार! घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारपासून तीस दिवस, तीस ओळी. भरताना लक्षात आलं की त्यात मराठी पुस्तक एकही नाही. मी तसं म्हटलं, तर तिने अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, मराठीत मॅजिक असतं?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. लहानपणी 'चांदोबा' वाचला होता, त्यातला झाडावर लटकणारा वेताळ आठवत होता, पण त्यापलीकडे काय? मग शोधायला लागलो आणि चकितच झालो.

पहिला धागा निघाला थेट पैठणला. दंतकथा अशी की सातवाहन राजाच्या काळात गुणाढ्य नावाच्या पंडिताने सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रचली, तीही संस्कृतात नाही तर पैशाची भाषेत. राजाने नाक मुरडलं. निराश झालेल्या गुणाढ्याने रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो जाळत गेला. प्राणी चरायचं सोडून रडत ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकं यायला लागलं आणि राजा आजारी पडला! कारण कळल्यावर तो धावत गेला, तोवर सातातला एकच लाख उरला होता.

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. पण तिच्या परंपरेतून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यात आहेत. त्यातला राजा विक्रम नसून त्रिविक्रमसेन आहे, आणि त्याचं गाव कुठलं? गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे पुन्हा आपलं पैठणच!

दुसरा धागा कलकत्त्याचा. कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला १८०० साली तिथे फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. विल्यम केरी तिथे मराठीही शिकवत. शिकणाऱ्यांच्या हातात द्यायला पुस्तकं नव्हती, म्हणून पंडित वैजनाथ शर्मांनी ती तयार केली. १८१४ साली मोडी लिपीत छापलेली 'सिंहासन बत्तिशी' त्यातलीच. बोलणाऱ्या बत्तीस पुतळ्यांचं हे पुस्तक मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक. पुढे १८३० साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 'वेताळ पंचविशी' मराठीत आणली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी परक्या साहेबाला मराठी शिकवायची वेळ आली, तेव्हा जाणत्या पंडिताने व्याकरणासोबत त्याच्या हातात जादूची गोष्टही दिली. आणि आम्ही इथे मुलांना देतो बाराखडीच्या झेरॉक्स प्रती!

मग ही जादू आमच्या हातून सुटली कुठे? मराठी कादंबरीच्या बाळपणात तर ती भरपूर होती. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत सरळ कबुली दिली आहे की आपल्या रोजच्या जगण्यात रंजक असं काही नसल्यामुळे लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं. पुढे १८८५ साली हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली आणि कादंबरी घराघरातल्या खऱ्या दुःखांकडे वळली. ते फार चांगलं झालं. पण मला वाटतं, त्यानंतर अद्भुत हळूहळू पोराटोरांच्या कपाटात गेलं. इंग्रजीत तेच पोरांचं कपाट मोठ्यांनीही उघडं ठेवलं. आमच्यापासून तासाभरावर ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक टॉल्किन संध्याकाळी आपल्या मुलांना हॉबिट वाचून दाखवत. ते छापावं का, हे प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारलं आणि अभिप्रायाचा एक शिलिंग दिला. पुस्तक १९३७ साली आलं.

असो. एक्सेल पुन्हा उघडलं. रविवारी सुरू होणाऱ्या तीस दिवसांत रविवार बरोबर पाच येतात, उरतात पंचवीस. वेताळाच्या गोष्टीही पंचवीस! एवढा जुळून आलेला प्रोजेक्ट प्लॅन मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. ठरलं असं की पंचवीस रात्री मी मराठीतून वेताळ वाचायचा आणि पाच रविवारी तिने तिच्या इंग्रजी पुस्तकातली गोष्ट आजीला फोनवर मराठीत सांगायची. मानधन गोष्टीमागे एक पौंड, शिलिंगचा भाव आता वाढला आहे!

वेताळाची खरी गंमत मला वाचताना कळली. राजाने गप्प राहायचं असतं, पण वेताळ जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी असा प्रश्न टाकतो की त्याला बोलावंच लागतं. गप्प माणसाला बोलतं करण्याचं हे यंत्रच आहे. सुरुवातीला उत्तरं इंग्रजीत आली. मी म्हणायचो, "वेताळाला इंग्रजी येत नाही." मग आली डोकी बदललेल्या दोन तरुणांची गोष्ट. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसलं, तर बाईचा नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याचं डोकं नवऱ्याचं तो. मी राजाचं उत्तर वाचायच्या आधीच लेक उठून बसली आणि म्हणाली, "ज्याला तिचा नाव आठवतो, तो!"

व्याकरण चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

पाचव्या रविवारी आजीचा फोन चाळीस मिनिटं चालला. बिल्बोच्या अंगठीची गोष्ट अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी झाली. शेवटी आजीनेच विचारलं, "अगं, मग पुढे काय झालं?"

सात लाखांतले सहा लाख जळाले ते जळाले. उरलेला एक लाख आपल्या घरात कुणीतरी वाचून दाखवायला हवा. आता पुढचा महिना बत्तीस पुतळ्यांचा. बत्तीस गोष्टी तीस दिवसांत बसत नाहीत, पण मुदत वाढवून घ्यायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवयच आहे.