दुधाचे दात येणे

दुधाचे दात येणे : बाळाच्या हिरड्यांतून साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात क्रमाने बाहेर येण्याची स्वाभाविक क्रिया. या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात आणि चौथ्या महिन्यात त्यांत कठीण द्रव्य साठू लागते. हिरडीवर पहिली पांढरी कड दिसते, तोवर त्या दाताची घडण वर्षाहून अधिक काळ चाललेली असते. बहुतेक बाळांना आधी खालचे मधले दोन पटाशीचे दात 6 ते 10 महिन्यांत येतात. नंतर वरचे मधले 8 ते 12, त्यांच्या शेजारचे 9 ते 16, पहिल्या दाढा 13 ते 19, सुळे 16 ते 23 आणि मागच्या दाढा 23 ते 33 महिन्यांच्या दरम्यान. यात मागेपुढे होणे नेहमीचेच. सुमारे दोन-तीन हजारांत एखादे बाळ दात घेऊनच जन्मते, तर काहींच्या पहिल्या वाढदिवसालाही तोंड बोळकेच असते. वरचे दात आधी आले तर मामाला जड, ही समजूत अजून ऐकू येते. पण तो केवळ क्रमातला फरक आहे आणि त्याचा मामाशी काही संबंध नाही.

दात येताना बाळाला त्रास होतो हे खरे, पण तो तोंडापुरता, सौम्य आणि थोड्या दिवसांचा असतो. हिरडी लालसर होऊन किंचित सुजते, लाळ गळून लाळेरे भिजत राहते, हनुवटीवर पुरळ येते, बाळ हाताला येईल ते चावते, किरकिरते, घन अन्न नको म्हणते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 125 बाळांच्या 475 दातांच्या नोंदी पालकांनी रोज ठेवल्या. ही लक्षणे दात फुटण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्या आठ दिवसांत वाढलेली आढळली. अंग थोडेसे कोमट होणेही त्यांत होते. मोठा ताप, जुलाब, ओकारी, खोकला यांचा मात्र दातांशी संबंध दिसला नाही. शिवाय कोणतेही एक लक्षण एकतृतीयांशाहून फारशा अधिक बाळांत नव्हते, म्हणजे कित्येक बाळांचे दात कोणाच्या ध्यानात येण्याआधीच येऊन जातात.

तरीही ‘दातांचे जुलाब’ आणि ‘दातांचा ताप’ हे शब्द घराघरांत रुळलेले आहेत, आणि त्याला कारण आहे. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या आयुष्यात बरेच काही एकदम घडते. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये ओसरू लागतात, उष्टावण होऊन वरचे अन्न-पाणी सुरू होते, बाळ रांगू लागते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते. जंतुसंसर्गाला याहून अनुकूल काळ नाही, आणि दात नेमके तेव्हाच येतात. साधा हिशेब पाहावा : वीस दात, प्रत्येकाचे आठ दिवस, म्हणजे दोन वर्षांत 160 दिवस. दात जोडीने येतात म्हणून हा आकडा काहीसा कमी धरला, तरी त्या दोन वर्षांतले कोणतेही दुखणे एखाद्या दाताच्या आगेमागे पडण्याची शक्यता बरीच मोठी उरते. त्या काळात ताप आला की हिरडी चाचपून पाहिली जाते आणि तिथे काहीतरी हाताला लागतेच.

यावर रास्त आक्षेप असा, की पिढ्यान्‌पिढ्या मुले वाढवणाऱ्या आयाआज्यांचे निरीक्षण खोटे कसे ठरवावे? आयुर्वेदाच्या परंपरेतही अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दात फुटणे सर्व रोगांचे कारण म्हटले आहे आणि ताप, जुलाब, खोकला, ओकारी यांचा खास उल्लेख केला आहे. निरीक्षण खोटे नव्हते. एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी त्यांनी अचूक पाहिल्या होत्या. प्रश्न एकीमुळे दुसरी होते का, एवढाच आहे, आणि तो आठवणीवर सोडवता येत नाही. मेलबर्नमधील पाळणाघरांतल्या 21 मुलांचा एक अभ्यासही 2000 सालीच प्रसिद्ध झाला. त्यात दात आणि लक्षणे दोन्ही रोज तपासली गेली, तेव्हा त्यांच्यात ठळक नाते सापडले नाही. पण नंतर विचारल्यावर त्याच मुलांच्या पालकांना दातांमुळे त्रास झाल्याचे आठवत होते. गिळलेल्या लाळेमुळे शी पातळ होते, हे स्पष्टीकरणही टिकत नाही, कारण क्लीव्हलँडच्या रोजच्या नोंदींत शी पातळ होण्याचा दात फुटण्याशी संबंध आढळला नाही. अष्टांगहृदयातला पुढचा सल्ला मात्र आजही मोलाचा आहे : या काळात मुलावर फार निर्बंध लादू नयेत. दात आले की हे विकार आपोआप शमतात, हे त्यातले म्हणणे दातांच्या सौम्य त्रासापुरतेच खरे.

ही चर्चा महत्त्वाची ठरते ती दातांवर ढकललेल्या आजारांनी आणि दातांसाठी दिलेल्या औषधांनी केलेल्या हानीमुळे. लंडनमध्ये 1842 साली एक वर्षाच्या आतील मृत बालकांपैकी 4.8 टक्के आणि एक ते तीन वर्षांच्या 7.3 टक्के बालकांच्या मृत्यूचे नोंदलेले कारण ‘दात येणे’ हे होते. खरे कारण शोधलेच गेले नव्हते. त्या काळी हिरडी चिरून दाताला वाट करून देत, मॉर्फिन घातलेली सरबते पाजत आणि पारायुक्त कॅलोमेलच्या पुड्या चारत. त्या पाऱ्याने हातपाय गुलाबी पडून सोलवटत आणि मुले वेदनेने तळमळत. कारण उमगून ब्रिटनमध्ये पुड्या बंद व्हायला 1954 उजाडले. नायजेरियात 2008 च्या अखेरीस दातांसाठीच्या एका सरबतात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळले गेले आणि 84 बालके दगावली. आपल्याकडचा धोका अधिक साधा आहे. ‘दातांचे आहेत, जातील’ म्हणून जुलाब होऊ दिले तर बाळाच्या अंगातले पाणी आटते. कारण काहीही मानले तरी उपचार जुलाबाचाच हवा : ओआरएस, स्तनपान चालू, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक.

बाळाला उतार पडावा यासाठी लागते ते फारसे औषधी नाही. हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हलकेच दाबावी. ओले करून गार केलेले स्वच्छ फडके किंवा भरीव रबराचे टीथर चावायला द्यावे. ते फ्रीजमध्ये गार करावे, बर्फासारखे गोठवू नये, कारण त्याने नाजूक हिरडीला इजा होते. आत द्रव असलेली टीथर फुटू शकतात. लाळ टिपत राहावी आणि हनुवटीला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जवळ घेणे, अंगावर पाजणे, खांद्यावर टाकून फिरवणे यांनी मिळणारा दिलासा खरा असतो. बाळ फारच बेचैन असेल तर पॅरासिटामॉल चालते, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनी सांगितलेली असावी. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरला 120 किंवा 250 मिलिग्रॅम. थेंबांचे औषध सिरपच्या चमच्याने पाजले गेले तर मात्रा दुप्पट ते चौपट होते.

हिरडीला लावायची बधिर करणारी जेल टाळावीत. बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी त्याविरुद्ध कडक इशारा दिला. सॅलिसिलेटची तोंडाची जेल ब्रिटनमध्ये 2009 पासून सोळा वर्षांखालील मुलांना द्यायची नाहीत असे ठरले. दातांसाठी गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळांनी गळफास बसू शकतो. खारीक किंवा गाजराचा तुकडा चघळायला देण्याची पद्धत आहे, पण तुकडा मोडून घशात अडकू शकतो. मध वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. दात लवकर यावेत म्हणून कॅल्शियमची औषधे देण्यानेही काही साधत नाही. दातांची वेळ मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते.

ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइट) वर गेला, वारंवार जुलाब वा ओकाऱ्या झाल्या, बाळ मलूल पडले, पिईनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर दात कारण मानू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हिरड्यांवर फोड वा व्रण आणि सोबत ताप असेल तर तो बहुधा नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असतो आणि तो दातांच्या नावावर सहज खपून जातो. दीड वर्षापर्यंत एकही दात आला नाही, तर दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. पहिला दात दिसताच मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट सुरू करावी, आणि बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये.