शेंदूर, डांबर आणि पत्रा: रायगडच्या किनाऱ्यावर लोखंड कसं टिकवलं

आजच्या विषयाची सुरुवात कुलाब्याच्या किल्ल्यातून करू. ओहोटी लागली की अलिबागच्या पुळणीवरून चालत किल्ल्यात जाता येतं. उत्तरेकडच्या तटावर गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि 1849 हे साल आहे. काही हौशी मंडळी तिथे उभी राहून ‘कान्होजींची तोफ’ म्हणून फोटो काढतात. कान्होजी वारले 1729 साली, तेव्हा तो हिशेब काही बसत नाही. पण आम्हाला त्या तोफांचं वेगळंच कौतुक आहे. खारं वारं अंगावर घेत ओतीव लोखंड पावणेदोनशे वर्षं उभं आहे, आणि किल्ल्यासमोरच्या गावात चार वर्षांपूर्वी बसवलेली खिडकीची जाळी हातात येते. हे कसं?

एक कारण साधं आहे. तोफेचं लोखंड वीतभर जाड, तिचा वरचा थर गेला तरी ती तोफच राहते. जाळीची पट्टी तीन-चार मिलिमीटरची. दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गेला की उरलं काय? म्हणजे लोखंड जितकं पातळ आणि स्वस्त, तितकी त्याच्यावरच्या लेपाची जबाबदारी मोठी. गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास असा आहे की लोखंड पातळ होत गेलं, आणि लेपही स्वस्त होत गेला.

आता मिठाचं बघू. कोरड्या हवेत लोखंड सहसा गंजत नाही. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते हवेत जेमतेम 35 टक्के आर्द्रता असली तरी ओल खेचून घेतात. आपल्याकडे पौषातली दुपारसुद्धा सहसा याच्या खाली जात नाही. त्यामुळे आपल्याला कोरडं दिसणारं गेट मिठापुरतं ओलंच असतं. आणखी एक गंमत बघा. जिथे पाऊस पडतो तिथलं मीठ धुऊन जातं. पत्र्याची खालची बाजू, छज्जाखालचं ग्रिल, जिन्याच्या पायऱ्यांची पोटं, इथे पाऊस पोचत नाही, म्हणून तिथेच गंज जास्त. आपण मात्र रंग लावताना दिसणारी बाजू आधी लावतो.

जुन्या लोकांकडे यावर काय होतं? पहिला मान शेंदराचा. शिसं भट्टीत तापवलं की आधी मुरदाडशिंग होतं, ते पुढे हवेत भाजत राहिलं की शेंदूर. देवळात तेलात कालवून मूर्तीला लावतात तो हाच. वर्षानुवर्षं थर बसून त्याचं कवच होतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप 2022 साली काढला, तेव्हा आतलं मूळ रूप लोकांनी पाहिलं. हाच शेंदूर जवसाच्या तेलात घोटून एकोणिसाव्या शतकात जगभरच्या पुलांना आणि जहाजांना लावला गेला. आपल्या रेल्वेच्या पुलांनाही पहिला हात त्याचाच असे, आणि भारतीय मानकांत त्याला आयएस 102 असा स्वतंत्र क्रमांक मिळाला.

शेंदूर इतका गुणी का? कच्चं जवसाचं तेल फार सावकाश वाळतं, त्यामुळे गंजाच्या बारीक भेगांत उतरायला त्याला वेळ मिळतो. आणि तेल व शिसं मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो, तो गंजण्याची क्रिया मंदावतो. केंब्रिजमध्ये मेन नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या मध्याला हे नीट उलगडून दाखवलं. थोडक्यात, पृष्ठभाग पुरता साफ नसला तरी शेंदूर सांभाळून घेत असे.

पण ते विष आहे. शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतल्या शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा घातली. तेव्हा शेंदूर परत आणा असं आम्ही अजिबात म्हणत नाही. उलट, जुन्या वाड्याच्या गजांवर खालून नारिंगी थर दिसला, तर तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला करा, तोंडाला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा आणि निघालेला चुरा गोळा करा.

आता खरी मेख. हार्डवेअरच्या दुकानात आज ‘लाल प्रायमर’ मागितला की मिळतो तो रेड ऑक्साइड. रंग विटकरी, डबा स्वस्त. लोकांना वाटतं हे तेच जुनं. तो लोहाचा ऑक्साइड आहे, म्हणजे आपल्या गेरूचा सख्खा भाऊ. नुसता असेल तर तो फक्त आडोसा करतो, शेंदरासारखा आतून काही करत नाही. शेंदराचा रंग तेवढा उरला, गुण गेला. त्यात झिंक क्रोमेट घातलेलाही प्रकार असतो. तो गंज रोखतो, पण क्रोमेट कर्करोगाला कारण होतं. झिंक फॉस्फेटवाला मिळाला तर तो घ्यावा.

दुसरा मान डांबराचा. स्कॉटलंडचे एक उमराव होते, डंडोनाल्डचे नववे अर्ल. त्यांनी 1781 साली दगडी कोळशापासून डांबर काढण्याचं पेटंट घेतलं, जहाजांच्या बुडाला लावायला. आरमाराने मात्र तांब्याचे पत्रे पसंत केले आणि अर्लसाहेब कर्जात बुडाले. डांबर टिकलं. कोकणात खांबाचा जमिनीत जाणारा भाग डांबरात बुडवायची रीत अनेकांनी पाहिली असेल. जमिनीखाली आजही हा स्वस्त उपाय आहे, पण उन्हात डांबर तडकतं.

तिसरा पत्रा. लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं पेटंट 1837 साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी घेतलं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण किनाऱ्यावर ते झिजतंही भराभर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडचे पत्रे उडाले. पत्रा जिथून फाटतो ती जागा बहुधा हुकाच्या भोकाची असते. भोक पाडताना जस्त तिथेच निघतं आणि गंज तिथूनच खातो. रंगाला पैसे कमी असतील तर आख्खा पत्रा नका रंगवू, भोकं आणि कडा तेवढ्या रंगवा.

आम्ही स्वतः एकदा चुकलो, तेही सांगतो. खाडीकाठच्या एका शाळेचं गेट. अगोटीची कामं चालू होती, मे संपत आलेला. रंगाऱ्याने वरवर घासलं, एका दुपारी प्रायमर आणि संध्याकाळी ऑइल पेंट. दिवाळीला गेटवर फोड आले. फोड फोडला की आत पाणी, आणि जिभेला लावलं तर खारट! रंग वाईट नव्हता. आम्ही मीठ आत कोंडून वरून झाकण लावलं होतं.

पुढच्या खेपेला मार्गशीर्षात काम काढलं. सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि पत्रीने काढला, मग गोड्या पाण्याने तीनदा धुतलं, विहिरीच्या मचूळ पाण्याने नाही. दव उडाल्यावर, दहा वाजता प्रायमर सुरू केला. कडांना आणि वेल्डिंगच्या जागी आधी एक जादा हात दिला, कारण रंग कडेवरून ओघळतो आणि तिथेच पातळ राहतो. खालच्या दोन फुटांना दोन डब्यांचा इपॉक्सी, वर साधा ऑइल पेंट. इपॉक्सी उन्हाने पांढुरका पडला, पण धरून आहे. मजुरीचे पैसे रंगापेक्षा जास्त गेले, हे खरं. पण जुन्या हिशेबातही तसंच होतं. फोर्थचा पूल सतत रंगवावा लागतो अशी म्हणच झाली होती.

प्रश्न येतो, गंज बदलणारं काळं औषध लावावं का? त्यात टॅनिन असतं. हिरडा आणि हिराकस यांची शाई पूर्वी करत, तीच ही रसायनं. पातळ, घट्ट गंजावर ते चालतं. पापुद्रे सुटले असतील तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम करत राहतो.

जाता जाता एक. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची वेधयंत्रं इथे हलवायचं ठरलं, आणि 1904 मध्ये इथलं काम सुरू झालं. यंत्रांना त्रास नको म्हणून त्या इमारतीला लोखंड वर्ज्य. पोरबंदरचा दगड, आणि बिजागऱ्या-खिळे तांब्या-पितळेचे. या किनाऱ्यावर गंजाची चिंता नसलेली बहुधा तेवढीच एक इमारत. तिचा खर्च आपल्याला परवडणारा नाही, तेव्हा ब्रश उचलायचा तो मार्गशीर्षात, आणि त्याच्या आधी गोड्या पाण्याची बादली. आता प्रश्न असतील तर घेऊ.